नवशाच्या बोटीवरचं बटण

चिंचणीच्या मच्छीमाराच्या घरात जन्मूनही वामनला बोट लागायची. धाकटा भाऊ नवशा त्याला 'सुका बोंबील' म्हणून चिडवायचा. पण वामनचं डोकं यंत्रात चालायचं. शिकून तो बोईसरच्या एका कारखान्यात उपकरणं दुरुस्त करायला लागला, आणि मग गावाला त्याचं कोण कौतुक! कुणाचा रेडिओ बिघडला की वामनला बोलवा.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी मच्छीमार सोसायटीने चाचणीपुरता वायरलेस आणला. एक सेट किनाऱ्यावरच्या खोलीत, दुसरा एका बोटीवर. बोट कुणाची? वामनने हट्टाने नवशाची ठरवली. सुट्टीच्या दिवशी खोलीत तो स्वतः बसणार होता. वाळूत सगळ्यांना जमवून त्याने शिकवलं: बटण दाबायचं, बोलायचं, सोडलं की समोरच्याचं ऐकू येतं. शेवटचं वाक्य टाळ्यांत बुडालं. नवशा माइकमध्ये आधीच ओरडत होता, "सुक्या बोंबला, आयकतंस काय?" सगळे हसले. वामनही हसला.

नारळी पुनवेनंतरच्या एका सुट्टीच्या दुपारी रेडिओवर वादळाचा इशारा आला. बाकीच्या बोटी जवळच होत्या, आभाळ बघून परत फिरल्या. नवशा मात्र लांब गेला होता. सेट होता ना जवळ, मग भीती कसली!

वामनने माइक उचलला, तेवढ्यात नवशाचाच आवाज आला. जाळं ओढताना हात मोकळे राहावेत म्हणून त्याने बटण सुतळीने आवळून टाकलं होतं, आणि ते भावाला फुशारकीने सांगत होता. बटण दाबलेलं, म्हणजे त्याला काहीच ऐकू येणार नव्हतं.

"नवशा, सोड! बटण सोड!" वामन जीव खाऊन ओरडत राहिला. पलीकडून इंजिनाचा, हसण्याचा आवाज येत होता. मग जिवल्या खलाशी नवशाला म्हणाला, "तांडेल, आभाळ काळा दिसते. फिरायचा काय?"

"वामन बसलाय ना तिकडं," नवशा म्हणाला. "वारा उठाचा असता तं त्यानं सांगितला असता."

थोड्या वेळाने आरडाओरडा झाला आणि नुसती खरखर उरली. शोधायला गेलेल्या बोटी लाटांनी परत पाठवल्या. नवशा आलाच नाही.

त्याच्या बायकोला, जमनाला, वामनने सांगितलं की सेट बंद पडला होता.

कारखान्यात तो पुढे चढत गेला. संगणक आले, तेही शिकला. पण टेलिफोनवर खरखर झाली की तिच्यात नवशा बोलायचा. नव्या पोरांना कुठलंही यंत्र शिकवताना तो आधी 'सोड, सोड' म्हणत ते थांबवायला शिकवायचा, पुन्हा पुन्हा करून घ्यायचा. पोरं पाठीमागे त्याला 'सोडमास्तर' म्हणायची. म्हणोत बापडी. आपण सांगितलं म्हणजे समोरच्याला पोचलं, हा माज त्याचा कायमचा उतरला होता.

बऱ्याच वर्षांनी जमना अंगणात बोंबील सुकवत होती. वामन दिसताच म्हणाली, "दादा, आता तरी खरा सांगा. सेट बंद होता, तर तेव्हा तुमचा घसा कशानं बसला होता?"

वामनला पळता भुई थोडी झाली. शेवटी त्याने सांगितलं, नवशाच्याच शब्दांत.

जमनाने पदराने डोळे पुसले. "म्हंजे तो भ्याला नाय," ती म्हणाली. "तुमच्यावर भरवसा होता त्याचा." इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचा चेहरा निवलेला दिसला.

त्या भरवशानेच तर बुडाला तो, हे वामनच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं, आणि तिच्या शेजारी बसून बोंबील दांडीवर टाकू लागला.