गिनतीकाकांची तार

गिनतीकाका कुठेही शिरले की आधी माणसं मोजायचे, नमस्कार नंतर. माझ्या लग्नात ते मांडवाच्या दाराशी उभे राहून ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते, तेव्हा सासूबाईंना वाटलं, कुणीतरी मंगलाष्टकं पाठ करतंय. वऱ्हाड निघायच्या वेळी त्यांनी भर गर्दीतून मला हाक मारली, "तुह्या सासरचे एक्केचाळीस आले होते वं. गाडीत चाळीसच हायेत." शोधाशोध केली तर माझे चुलतसासरे मांडवामागे कूलरसमोर गाढ झोपलेले सापडले. सासरी पुढे कित्येक वर्षं माझी ओळख 'त्या मोजणाऱ्या काकांकडची' अशीच होती. चुलतसासरे तर त्यांचे भक्तच झाले.

काका आमच्या वीजकेंद्रात बॉयलरवर होते. नागपूर संपून शेतं सुरू होतात तिथलं हे कोळशावरचं केंद्र. काकांचं खरं नाव फक्त हजेरीपटाला माहीत होतं. ते तरुणपणी मजूर म्हणून आले, तेव्हा तिथे चुन्याच्या फक्कीनं आखलेल्या रेघा होत्या आणि बाकी सगळं रान. चिमणीच्या पायात काँक्रीटची घमेली ओतणाऱ्यांत ते होते. पहिलं युनिट पेटलं, तेव्हा तेलात भिजवलेला बोळा सळईला गुंडाळून भट्टीत खुपसणाऱ्यांतही तेच होते. एखादा नवा साहेब पाहुण्यांना चिमणीची उंची मिरवून सांगू लागला की काका मागून म्हणायचे, "ती माह्यापेक्षा लहान हाये साहेब. मी तिले रांगताना पाह्यलं." पाहुणे हसायचे आणि साहेब चिडायचा.

त्यांची खरी कर्तबगारी दिसायची ती वार्षिक दुरुस्तीच्या दिवसांत. बॉयलर थंड करायचा, त्याच्या पोटात माणसं उतरवायची, नळ्या तपासायच्या, उंचावर चढायला बांबूंची पाइटं बांधायची, काढायची आणि मग झाकणं बंद करून पुन्हा आग. आठ-दहा मजली घराएवढी ती काळोखी पोकळी. आत कुणी कोपऱ्यात राहिलं आणि बाहेरून झाकण पडलं, तर पुढचं बोलायलाच नको. म्हणून काकांनी भंगारातल्या पत्र्याचे गोल बिल्ले कापले होते, त्यांवर छिन्नीनं नंबर ठोकले होते आणि बॉयलरच्या दाराशी दोन खांबांमध्ये एक तार ताणली होती. आत जाताना बिल्ला तारेवर अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. तार रिकामी झाल्याशिवाय झाकण लागणार नाही, मग वरून कुणाचाही फोन येवो. हा नियम कुठल्याही पुस्तकात नव्हता. काकांनी तो केला आणि सगळ्यांनी मुकाट्यानं पाळला.

ही सवय आईची, असं ते सांगत. दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाताना आई पाचही पोरांच्या मनगटांना निळी चिंधी बांधायची आणि दर थोड्या वेळानं मोजायची. एका वर्षी मोजणी चारवर थांबली. पाचवा म्हणजे आमचे काका. ते पाण्याच्या टाकीपाशी रडत बसले होते. आईनं आधी कडेवर घेतलं आणि मग पाठीत धपाटा घातला. "त्या दिवशी मले समजलं," काका म्हणायचे, "आपल्याले कोणी मोजून राहिलं, तं आपण हरवत नाई." हे ते इतक्या वेळा सांगत की आम्ही नवे लोक मागून पाठ म्हटल्यासारखं म्हणायचो. आता त्या चेष्टेची लाज वाटते.

माझी चूक मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. मी तेव्हा प्रशिक्षणार्थी अभियंता होते. नोकरी कच्ची, वर्षभर चांगलं वागलं तर पक्की. आम्ही चार प्रशिक्षणार्थी होतो आणि आमचे बिल्ले सोळा ते एकोणीस. कुणाला कुठला मिळेल याचा नेम नसे, दारात काका हातात ठेवतील तो आपला. त्या दिवशी मला सतरा मिळाला. उन्हाळा पेटलेला, शहरात लोक बंद कूलरसमोर बसून आमच्या नावानं बोटं मोडत होते आणि युनिट दुपारी तीनला पेटवायचंच असा हुकूम होता. शहरात जाणारी आमची बस दोनला सुटायची. माझं आतलं काम पावणेदोनला संपलं, पुढच्या दाराशी पाइटाचे बांबू बाहेर काढणाऱ्यांची गर्दी. धूर जायच्या पत्र्याच्या बोगद्याला मागच्या बाजूला एक झाकण होतं, ते उघडं होतं आणि तिथून बसथांबा अगदी जवळ. मी तिथून बाहेर पडले, तोंडावर पाणी मारलं आणि धावत बस पकडली. बिल्ला तारेवरच राहिला. प्रतापनगरात घरी येऊन मी आमरस-पोळी जेवले आणि पंख्याखाली झोपले, हेही सांगायला हवं.

तिकडे तीन वाजता तारेवर सतरा नंबर लटकत होता. काकांनी झाकण लावू दिलं नाही. पाच-सहा माणसं आत गेली, विजेऱ्या घेऊन प्रत्येक कोपरा पाहून आली. मग काका स्वतः गेले, हाका मारत. पुन्हा काहीच नाही. मोठे साहेब खाली येऊन ओरडले, "मोजण्यात चुकला असाल तुम्ही!" काका म्हणाले, "चुकलो असन तं लयच चांगलं होईन साहेब. पण चुकलो नाई." सतरा नंबर कुणाला दिला होता असं विचारल्यावर ते एवढंच म्हणाले की प्रशिक्षणार्थ्यांपैकी कुणाला तरी, आणि ते चौघंही दोनच्या बसनं गेले असतील तर घरी जाऊन बघतो. तोवर कुणी आगकाडी ओढायची नाही, असं साहेबांनाच बजावून ते कुणाची तरी मोपेड घेऊन निघाले.

ते इतवारीत भांड्यांच्या दुकानावर राहणाऱ्या मुलाकडे गेले, मग मनीषनगरात खोली घेऊन राहणाऱ्या दोघांकडे आणि शेवटी आमच्याकडे. सतरा नंबर माझ्या हातात ठेवल्याचं त्यांना पक्कं आठवत होतं, हे मला फार नंतर कळलं. मग आधी माझ्याकडे का नाही आलात, असं विचारलं तेव्हा म्हणाले, "भेव वाटे. तू नाई सापडली असती, तं मंग कुठं जाणार होतो?" संध्याकाळी सहाच्या सुमाराला आईनं दार उघडलं, तर पुढ्यात डोक्यापासून पायापर्यंत राखेनं माखलेला माणूस. ती किंचाळलीच. मी डोळे चोळत बाहेर आले. काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि ते पायरीवर मटकन बसले.

"हाये," ते म्हणाले. "हाये बाप्पा. पाणी दे वं पोरी."

तांब्याभर पाणी त्यांनी एका दमात संपवलं. डोळ्यांखालच्या राखेवर दोन ओल्या रेघा होत्या आणि तो घाम आहे असं मी स्वतःला सांगितलं. काय झालंय ते मला एव्हाना कळलं होतं. ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात फोन करायला गेले, मी मागोमाग गेले. फोनवर ते साहेबांना म्हणाले, "साहेब, गिनती माहीच चुकली. एक बिल्ला उगाच लटकून राह्यला होता. पेटवा."

मी विचारलं, "काका, खोटं का सांगितलंत?"

"काहून म्हणजे? तू अजून कच्ची हाये. तुह्या नावानं कागद निघाला तं तू घरी बसशीन. माह्या नावानं निघाला तं मी आहो तिथंच राहीन. अन् माणूस सापडला ना? मंग झालं."

त्यांच्या नावानं कागद निघाला. बिल्ले मोजण्यात निष्काळजीपणा. त्या वर्षी त्यांची फोरमनची जागा दुसऱ्याला मिळाली आणि पुन्हा कधी त्यांच्याकडे आली नाही. ज्या माणसाचा सगळा मान एका गोष्टीवर उभा होता, तीच गोष्ट त्यांनी माझ्यासाठी मोडून दिली. कॅन्टीनमध्ये कुणीही टवाळ उठून विचारायचा, "काय काका, आज गिनती बराबर हाये ना?" काका हसायचे आणि भजी खाऊ लागायचे. मी पलीकडच्या टेबलावर मान खाली घालून बसायचे. नोकरी पक्की झाल्यावर सांगू, बढती झाल्यावर सांगू, काका निवृत्त झाल्यावर तर नक्की सांगू, असं करत मी भित्रीच राहिले. एवढं मात्र केलं, की माझ्या हाती अधिकार आल्यावर दर दुरुस्तीत पहिलं कुलूप मागच्या झाकणाला लावलं आणि तारेपाशी स्वतः उभी राहिले.

आता माझ्याही निवृत्तीला थोडेच महिने आहेत. जुनी युनिटं बंद झाली, चिमणी पाडायचं ठरलं आणि केंद्राचा छोटासा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कोळशाच्या पहिल्या वाघिणी कधी आल्या, कॉलनीतल्या बायका वाऱ्याची दिशा बघून पापड कसे वाळत घालायच्या, असं सगळं गोळा करत जुन्या नोंदवह्या चाळत होते. त्यात ते पान निघालं. युनिट दोन पेटवण्यास विलंब, कारण बिल्ल्यांच्या मोजणीत चूक, आणि पुढे काकांचं खरं नाव. हजेरीपट सोडला, तर केंद्राच्या सगळ्या इतिहासात काकांचं नाव लिहिलेलं ते एवढंच होतं. मी वही मिटली आणि मनीषनगरात त्यांच्या लेकीचं घर गाठलं.

काका आता ऐंशीच्या पुढचे. बॉयलरच्या आवाजानं कान पार गेलेले. मी गेले तेव्हा त्यांनी घरातली माणसं मोजली, स्वयंपाकघरातली लेक धरून तीन भरली, मग "जय भीम" म्हणाले. मी शेजारी बसून हळू आवाजात सुरुवात केली. इतकी वर्षं दडवलेली गोष्ट, ती काय मोठ्यानं बोलणार?

"काका, त्या दिवशीची चूक माझी होती, हे मी आता लिहिणार आहे."

"आँ?"

"चूक माझी होती!"

"जोरानं बोल वं, काय पुटपुटून राहिली?"

"मी मागच्या दारानं गेले होते! तुमची गिनती बरोबर होती!" मी अशी ओरडले की समोरच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई थांबून बघू लागली. स्वयंपाकघरातून काकांची लेक, वनिता, हातात झारा घेऊन बाहेर आली.

"बाबा, तुमची गिनती चुकलीच नव्हती?" तिनं विचारलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, आई जाईपर्यंत तिच्या मनात ते होतं. लोक हसत, तं ती कॉलनीतल्या हळदीकुंकवाले जात नव्हती." मला तिच्याकडे बघवेना. तिनं रागावायला हवं होतं, तो तिचा हक्क होता. पण ती खुर्चीवर बसली आणि रडता रडता हसायलाच लागली.

काका दोघींकडे आळीपाळीनं बघत होते. "मले तं वाटलं तू इसरली," ते मला म्हणाले. "लिव. आता तुले कोणी कच्ची म्हणून काढत नाई. अन् खरं सांगू का, मले बरं वाटलं. लय बरं वाटलं." मलाही छातीवरची शिळा उतरल्यासारखं वाटलं. त्या दिवशी वनितानं तळलेल्या कोथिंबिरीच्या सांबारवडीचे मी चार तुकडे जास्तच खाल्ले.

पुस्तिकेत मी लिहिलं, की विलंबाचं कारण प्रशिक्षणार्थी अभियंता, म्हणजे मी, मागच्या दारानं निघून गेले हे होतं आणि मोजणी अचूक होती. छपाईचं काम बघणारा तरुण अधिकारी चाचरत म्हणाला, "मॅडम, हे राहू द्यायचं?" मी म्हटलं, ठळक अक्षरांत राहू द्या.

चिमणी पाडायच्या सकाळी काकांना गाडीनं आणलं. लांब शेताच्या बांधावर आम्हा जुन्या लोकांसाठी खुर्च्या मांडल्या होत्या. पाडणाऱ्या कंपनीचा पोरगेला इंजिनिअर जवळून जाताना काकांनी त्याला अडवलं. "सारे बाहेर आले का गा?" तो मोठ्यानं म्हणाला, "हो आजोबा, मोजलेत." "परत मोज." तो माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, मोजा. त्यानं वायरलेसवरून एकेकाचं नाव घेऊन पुन्हा मोजलं, सगळे होते.

"नाई," काका म्हणाले. "एक बाकी हाये."

इंजिनिअरचा चेहरा उतरला. काकांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि कडा गंजलेला एक गोल पत्रा माझ्या हातावर ठेवला. त्यावर छिन्नीनं ठोकलेला सतरा. त्या संध्याकाळी केंद्रावर परतल्यावर, कुणी माग काढत माझ्यापर्यंत येऊ नये म्हणून, त्यांनी तो तारेवरून काढून खिशात टाकला होता आणि तेव्हापासून जपून ठेवला होता.

"घे तुहा बिल्ला. आता आली तू बाहेर," ते म्हणाले. मग इंजिनिअरकडे वळले. "तार रिकामी झाली. पाड आता."

मी बिल्ला मुठीत घट्ट धरला आणि भोंगा वाजला.