लेम्पीचे राहिलेले दोन मैल

लेम्पी निस्कानेनला पाऊस आवडत नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण अस्टोरिया या समुद्रकाठच्या गावात लोक उलटंच बोलतात. म्हातारीला पावसाचं वेड आहे म्हणतात. वेडबीड काही नाही. ज्या गावात निम्मं वर्ष आभाळ गळतं, तिथे पाऊस थांबल्यावर सायकल काढू म्हणणाऱ्याची सायकल गंजून जाते, एवढंच तिचं म्हणणं.

एकाहत्तर वर्षांची बाई. तीस वर्षं शाळेची बस चालवली, आणि त्या बसमध्ये दांडगी पोरंसुद्धा हात मांडीवर ठेवून बसत. नवरा मासेमारीच्या बोटीवर, अलास्काकडे जायचा तो महिनोन्‌महिने यायचा नाही. शाळेला सुट्टी लागली की ही सायकलला तंबू आणि पिशव्या बांधून किनाऱ्याच्या रस्त्याला लागायची. एकदा थेट मेक्सिकोच्या वेशीपर्यंत जाऊन आली. नवऱ्याने विचारलं, "कसं झालं?" तर म्हणाली, "वारा बरा होता." फिनलंडहून आलेल्या या फिन लोकांच्या घरात याला गप्पा मारणं म्हणतात. नवरा गेल्यावरही तिचं जाणं थांबलं नाही.

थांबलं ते गेल्या वसंतात. नदीकाठी जुन्या ट्रामचे रूळ आहेत. ओले रूळ तिरके ओलांडायचे नाहीत, चाक रुळांना काटकोनात घालायचं, हे तिने गावातल्या निम्म्या पोरांना शिकवलेलं. त्या दिवशी पलीकडून ओळखीच्या बाईने हात हलवला, हिनेही हलवला, आणि चाक रुळाच्या फटीत गेलं. खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत पोलाद बसवलं.

पोर्टलंडहून मुलगी आली, आयला. दोन महिने आईजवळ राहिली, तिला धरून धरून चालवलं, आणि निघायच्या दिवशी सायकलच्या हँडलला हात घातला.

"ही मी नेते. माझ्या गॅरेजात राहील."

"हात काढ."

"आई, तुला इस्पितळात पडलेली पाहिलीय मी. परत नाही बघायची मला."

"मग बघू नकोस. पोर्टलंडला खिडकी लावून बस."

आयला रडली नाही, ओरडली नाही. ती याच आईची मुलगी. ती म्हणाली, "ठीक आहे. एक दिवस. इथून निघायचं आणि दक्षिणेला नेहालेम खाडीच्या तंबूंच्या कॅम्पवर मुक्कामाला पोचायचं, सगळं सामान लादून. कुठल्याही गाडीत पाय ठेवायचा नाही. जमलं तर मी परत सायकलचं नावसुद्धा काढणार नाही. गाडीत बसलीस तर सायकल माझी. चांगलं ऊन बघून तारीख ठरव."

"ऊन कशाला? उन्हात कुणीही चालवतं. पावसाच्या दिवशी जाईन. नाहीतर म्हणशील, त्या दिवशी ऊन होतं."

सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तो असा.

ऑक्टोबरातला असा दिवस तिने निवडला की गावातली कुत्रीसुद्धा बाहेर पडली नाहीत. पाऊस सरळ पडतच नव्हता, आडवा येत होता. इथले सगळे सायकलवाले दक्षिणेकडे निघतात, कारण उन्हाळ्यात वारा उत्तरेचा असतो आणि पाठीला हात लावून नेतो. पाऊस मात्र दक्षिणेचा वारा घेऊन येतो. हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि तरी सवयीने सगळे दक्षिणेलाच निघतात. लेम्पीनेही हो म्हणताना वाऱ्याचा विचार केला नव्हता. सीसाइड गाव येईपर्यंत तिने स्वतःला दोन भाषांत शिव्या घालून घेतल्या.

दुपारी तिने एका बंद पडलेल्या दुकानाच्या पडवीत उभ्याउभ्या वेलदोड्याचा गोड पाव खाल्ला. बसली असती तर खुबा आखडला असता. लाकडाच्या ओंडक्यांचे ट्रक जवळून जात आणि रस्त्यावरचं पाणी तिच्या तोंडावर मारून जात. ती तोंड पुसत नव्हती. पुसून काय होणार होतं? चढावर दुखऱ्या बाजूचा पाय आधी कुरकुरला, मग बोंबलू लागला. "बोंबल," ती त्याला म्हणाली, "पण फिरत राहा."

आर्च केपच्या बोगद्याशी तिने कठड्यावरचं बटण दाबलं. आत सायकल आहे, जपून या, असं गाड्यांना सांगणारे दिवे लुकलुकू लागले. आतला चढ तिने एका दमात काढला. बाहेर आली तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं की आज आपण पोचणार. पुढे फक्त निआकानी डोंगराची कड आणि मग उतार.

कडेवर दरड आली होती. अर्धा रस्ता चिखलाखाली. उरलेल्या अर्ध्यावरून गाड्या रांगेने सोडत होते, पुढे वाट दाखवणारा एक पिकअप. तोंडाशी 'थांबा'ची पाटी घेऊन एक दाढीवाला तरुण उभा होता.

"आजी, सायकल पिकअपमध्ये टाका. पलीकडे सोडतो."

"आजी तुझ्या घरी. मी चालवत जाईन."

"नाही सोडता येणार. वरून अजून दगड येतायत."

"मग चालत जाते. हातात धरून."

"चालत तर मुळीच नाही."

"मी थांबते. किती वेळ?"

"आठवडाभर थांबाल?" त्याने डोळ्यांवरचं पाणी पुसलं. "बाई, माझी आई असती तरी मी हेच सांगितलं असतं. एक दगड पुरेसा असतो."

लेम्पीने दरडीकडे पाहिलं. मुठीएवढे दगड टपटप सुटत होते. तीस वर्षं ती पोरांना घेऊन याच हवेत बस चालवत होती, आणि रस्ता बंद म्हणजे बंद, यावर तिने कधी कुणाला वाद घालू दिला नव्हता. आता स्वतः घालत होती, आणि हरत होती. एवढा वारा, एवढा पाऊस, पोलादाचा खुबा, सगळ्यांच्या नाकावर टिच्चून इथवर आली, आणि आता एका पाटीपुढे हार?

तिने सायकल मागे चढवली आणि पुढे चालकाशेजारी बसली. पिकअपमधला हिटर चालू होता. ऊब लागली तेव्हा तिला ती लागलेली आवडली, आणि त्याचाच जास्त संताप आला.

"किती झालं?" उतरताना तिने चालकाला विचारलं.

"दोन मैल भरतील. एवढं काय मनाला लावून घेता? कोण बघतंय?"

तिने मागून सायकल उतरवली. इथल्या जुन्या सायकलवाल्यांची एक रीत आहे. वाटेत नाइलाजाने गाडीत बसावं लागलं, तर तेवढे मैल अंगावर राहतात. ते चालवल्याशिवाय तंबू ठोकायचा नाही. रीत कुणी लिहिलेली नाही आणि न पाळणाऱ्याला कुणी विचारतही नाही. म्हणूनच ती पाळायची असते.

नेहालेमच्या कॅम्पवर आयला गाडी लावून, थर्मासमध्ये कॉफी भरून, सकाळपासून जीव मुठीत धरून बसली होती. झाडांतून आई दिसली तशी ती पावसात धावत बाहेर आली. लेम्पीने ब्रेक लावले, एक पाय टेकला, पण उतरली नाही.

"मी गाडीत बसले. दरडीपाशी. दोन मैल."

आयला म्हणाली, "दरडीचं रेडिओवर सांगितलं. तिथे सगळ्यांनाच बसवतायत. ते धरत नाही मी."

"मी धरते."

"आई, तू जिंकलीस. उतर आता. ओठ निळे पडलेत तुझे."

"जिंकवू नकोस मला. दया नको. मुक्काम दोन मैल पुढे आहे माझा. इथल्या कॅम्पभोवतीच्या रस्त्याचा एक फेरा अर्ध्या मैलाचा ना?"

"आणि पडलीस तर?"

"तर सायकल ने. आणि पडले नाही, तर आज दरड होती म्हणून सोडलं, असं मला जन्मात कधी ऐकवायचं नाही."

आयलाने आईकडे पाहिलं आणि थर्मासचं झाकण घट्ट लावलं. "जा," ती म्हणाली. "मोजते मी."

तंबूंमधून चारदोन डोकी बाहेर आली. ओल्या पानांच्या रस्त्यावरून लादलेली सायकल एकदा गेली, पुन्हा गेली. तिसऱ्या फेऱ्याला लेम्पी वळणावर डगमगली. आयलाचा हात पुढे झाला आणि तिने तो स्वतःच मागे घेतला. चौथ्याला आईचा दुखरा पाय पॅडलवर नुसता ठेवलेला होता, दुसराच दोघांचं काम करत होता.

"झाले," आयला ओरडली. "चार झाले. दोन मैल पुरे. थांब."

लेम्पी थांबली नाही. मुलीच्या, कॉफीच्या, गाडीच्या उघड्या दाराच्या शेजारून ती सरळ पुढे गेली.

"आता कुठे? झाले की!"

"ते तुझे होते," मागे न बघता लेम्पी म्हणाली. "हा माझा."

गाडीचं दार रस्त्यात येत होतं. आयलाने ते ओढून बंद केलं, आईला वाट राहावी म्हणून.