कसर लागलेल्या ओढण्या घेऊन सावदा ते धुळे

नाशिकहून धुळ्याला एसटीने साधारण चार तास लागतात. मी तिथे पोहोचायला दोन दिवस लावले, कारण मला तिथे जायचं नव्हतं.

मी जुन्या कपड्यांच्या गोधड्या शिवून देते. धुळ्याच्या एका भाभींनी दिवाळीनंतर माझ्याकडे सात ओढण्या पाठवल्या. सगळ्या मलमलच्या, त्यांच्या वारलेल्या मोठ्या जावेच्या, जीजीच्या. मलमल कात्रीखाली सरकते, चौकोन कापावा तर पतंग निघतो. म्हणून मी ओढण्या धुतल्या, तांदळाच्या पेजेची घट्ट खळ दिली, इस्त्री केली आणि बाकीची कामं संपेपर्यंत कपाटात ठेवल्या. मार्चमध्ये कपाट उघडलं तर दोन ओढण्यांना कसर लागलेली. खळीचं कापड म्हणजे कसरीला वाढलेलं ताट, हे मला माहीत असायला हवं होतं. मोहरीएवढी भोकं, पदरभर.

चार दिवस मी घरात नुसती फिरत होते. फोन उचलायचा, खाली ठेवायचा. शेवटी ओढण्या पिशवीत घातल्या आणि भाभींना कळवलं की मी येतेय. कशासाठी ते सांगितलं नाही. तिकीट मात्र काढलं भुसावळचं. सावद्याला माझ्या मैत्रिणीच्या सासूबाई आहेत, अक्का. त्यांच्या हातची खळ म्हणजे खळ, असं मैत्रीण नेहमी सांगायची. आधी शिकून घेऊ, मग धुळ्याला जाऊ, अशी मी मनाची समजूत घातली.

सकाळच्या गाडीने दुपारी भुसावळ. स्टेशनबाहेर वडापाव खाल्ला आणि सावद्याची एसटी पकडली. बायकांना अर्धं तिकीट आहे, तेव्हा रिक्षाच्या नादी लागू नका. पुलावरून तापी ओलांडली की दोन्ही बाजूंना केळी सुरू होते आणि संपतच नाही. घडांनी भरलेले ट्रक समोरून येत होते. खिडकीतून बघताना भाभींचा फोन आला, कुठवर आलात? रस्त्यात आहे, म्हटलं. ते खोटं नव्हतं.

अक्कांच्या गच्चीवर कुरडयांचं काम चाललं होतं. तीन दिवस भिजवलेल्या गव्हाचा चीक मोठ्या पातेल्यात शिजत होता. मला वाटीभर चीक दूध-साखर घालून दिला. उन्हाळ्यात खानदेशात आलात तर तो सोडू नका. खाऊन झाल्यावर त्यांनी खळ दाखवली. दोन चमचे कच्चा चीक गार पाण्यात कालवायचा, उकळत्या पाण्यात सोडायचा, पारदर्शक होईस्तोवर ढवळायचा आणि फडक्यातून गाळायचा. बोटाला लागली तर कळूही नये इतकी पातळ. कापड बुडवून सावलीत वाळवायचं, किंचित ओलं असतानाच इस्त्री करायची, आणि इस्त्री ढकलायची नाही, उचलून ठेवायची, म्हणजे कापड ओढलं जात नाही.

"पोरी, खय काही मुक्कामाले राहत नाही," अक्का म्हणाल्या. "आजची आज लाव, आजची आज काप. काम झालं का धुऊन काढ."

मी पिशवीतली भोकांची ओढणी काढून दाखवली. त्यांनी ती उन्हासमोर धरली, घडी घातली आणि जिची आहे तिला सांगितलं का, असं विचारलं. मी नाही म्हटलं.

"मंग आधी तठी जायाचं व माय. अठी काय करते?"

निघताना त्यांनी वाळवलेल्या चिकाची पुडी दिली. तरी मी त्या दिवशी धुळ्याला गेले नाही. जळगावच्या गाडीत बसले, नशिराबाद आलं तसं उगाच उतरावंसं वाटलं, उतरले नाही. जळगावात बसस्टँडजवळच्या लॉजवर राहिले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, ठेचा आणि शेवभाजी मागवली. शेवभाजी तिखट सांगितलीत तर ती खरोखर तिखट येते. अर्धी भाकरी तशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी एरंडोल, पारोळा करत धुळे. रस्ता चांगला आहे, अडीच तासांत पोहोचले. मला पाच तास लागले असते तरी चाललं असतं. आग्रा रोडवरून आत गल्लीत शिरलं की खाली कापडाचं दुकान, वर घर. भाभी साठीच्या, राजस्थानातून तीन पिढ्यांपूर्वी आलेल्या घरातल्या, मराठी माझ्यासारखीच बोलणाऱ्या. पाणी दिलं. मी पाणी पिण्याआधीच ओढण्या पुढे ठेवल्या आणि सगळं सांगून टाकलं. खळ, कपाट, कसर. चूक माझी.

त्यांनी भोकांवरून बोट फिरवलं. मग ओढणी नाकाशी नेली. दुसरी उचलली, तीही नेली. सातही.

"भोकांचं जाऊ द्या, कापडच आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही धुतल्या का या?"

खळ द्यायच्या आधी धुवाव्याच लागतात, मी म्हणाले.

"जीजी केसांना मोगऱ्याचं तेल लावायची. मी मुद्दाम न धुता पाठवल्या होत्या."

मी इतके दिवस ज्याची भीती घेऊन फिरत होते ते हे नव्हतंच. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माफी मागितली, पण ती कशाला पुरणार होती? भाभी आत गेल्या. मला वाटलं आता निघावं. पाच-दहा मिनिटांनी त्या बाहेर आल्या. त्यांच्याजवळ एक आठवी ओढणी कपाटात आहे, ती त्या कोणाला देणार नाहीत, असं म्हणाल्या. या सातांची गोधडी मात्र करायची, पण इथे, त्यांच्या डोळ्यांसमोर.

मी तीन दिवस धुळ्यात राहिले. आधी माझी घट्ट खळ पाण्यात काढून टाकली, मग अक्कांच्या चिकाची पातळ खळ केली. भाभी पातेलं ढवळायच्या, मी गाळायचे. भोकं चुकवून चौकोन कापले, सरळ निघाले. त्यांच्या मशीनवर जोडले. काम करताना त्या जावेविषयी सांगत राहिल्या: तीस वर्षं एका स्वयंपाकघरात, त्यातली दोन अबोल्यात. अबोला कशावरून, ते आता आठवत नाही म्हणाल्या. अस्तर लावून झाल्यावर त्यांनी सुई माझ्या हातातून घेतली. धावदोरा त्या स्वतः घालणार होत्या. पैसे घ्यायचा आग्रह त्यांनी केला, मी घेतले नाहीत, आणि त्यांनी तो फार ताणला नाही.

घरी आल्यावर कपाटातलं सगळं खळीचं कापड धुऊन काढलं. आठवड्याने भाभींनी गोधडीचा फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं. टाके मात्र बारीक, माझ्यापेक्षा चांगले.

तुम्ही जुन्या कपड्यांचं काम करत असाल तर चिकाची कृती वर दिली आहे, करून बघा. मी आता कापड हातात घेण्याआधी विचारते, धुतलं तर चालेल ना? बहुतेक जण हसतात, धुवा की, म्हणतात. परवा एकीने वडिलांचा सदरा काढून दिला होता. मी विचारल्यावर तिने तो परत पिशवीत ठेवला.