चढावर सुटणारी गाडी

सगळे तिला सिस्टर म्हणत. चिडला की नवरासुद्धा. घरोघरी जाऊन जखमेची पट्टी बदलायची, इंजेक्शन द्यायचं, अंथरुणाला खिळलेल्यांना कुशीवर वळवायचं, हे तिचं काम. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला, म्हणून क्लच नसलेली गाडी हवी होती. वीस वर्षं जुनी, ऑटोमॅटिक गिअरची एक गाडी मिळाली आणि तिच्या जिवावर ती रोज आठ-नऊ घरं उरकू लागली.

एका मंगळवारी दुपारी टेकडीवरच्या वसाहतीचा चढ चढताना इंजिन एकदम किंचाळलं. आवाज वाढला, पण गाडी पुढे जाईना. क्षणभर थबकली आणि चक्क मागे सरकायला लागली. आरसा मागून येणाऱ्या शाळेच्या बसने भरून गेला होता. सिस्टरने ब्रेक असा दाबला की गुडघ्यातून कळ गेली. गाडी बसपासून हातभर अंतरावर थांबली. बसचा ड्रायव्हर काय ओरडत होता, ते तिला ऐकूच आलं नाही. दोन-तीन मिनिटांनी गिअर पुन्हा लागला आणि गाडी काही झालंच नाही अशा थाटात वर गेली. वरच्या घरातल्या आजींची शीर तिला त्या दिवशी तिसऱ्या खेपेला सापडली.

"विकून टाक ती," नवरा म्हणाला.

"आणि मी काय उडत जाऊ?"

पहिल्या गॅरेजवाल्याने बंद गाडीतली गिअरचं ऑइल मोजायची पट्टी ओढून बघितली. "ऑइल भरपूर आहे. गिअरबॉक्सच बाद झालाय." दुसऱ्याने सपाट रस्त्यावर फेरी मारली आणि हसून चावी परत दिली. "मला तर काही जाणवलं नाही. भास झाला असेल."

भास! त्या शब्दाने तिची उरलीसुरली झोप उडवली. खरंच आपला पाय चुकत असेल तर?

मग तापाच्या पेशंटसाठी करायची तेच तिने केलं. स्टिअरिंगशेजारी तक्ता चिकटवला: वेळ, गाडी गार की गरम, सपाटी की चढ, काय झालं. नऊ दिवसांत सहा नोंदी. प्रत्येक नोंदीचं अक्षर वाकडं होतं.

तो तक्ता घेऊन ती टायरच्या दुकानामागे फक्त गिअरबॉक्सची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्या काकांकडे गेली. काकांनी चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि तक्ता दोनदा वाचला.

"सकाळी एकदाही नाही. सपाटीवर नाही. गरम झाल्यावर, चढावरच. हे कोणी लिहिलं?"

"मीच."

"चला, तो चढ दाखवा. चालवायचं तुम्ही. गाडी तुमच्या हातातली."

"काका, मला नाही जमणार."

"भीती मलाही वाटते. म्हणून तर हा घेतलाय." त्यांनी चाकामागे लावायचा लाकडी ठोकळा मांडीवर ठेवला आणि हात हँडब्रेकवर.

मागे रस्ता रिकामा आहे याची तिने चारदा खात्री केली. तळवे इतके घामेजले होते की स्टिअरिंग निसटत होतं. अर्ध्या चढावर इंजिन किंचाळलं आणि गाडी मागे सुटली. काकांनी हँडब्रेक खेचला. "पाय ब्रेकवर राहू द्या. आता ऐका. खालून घरघर येतेय ना? पंप ऑइलऐवजी हवा ओढतोय."

गिअर पुन्हा लागल्यावर ते वर गेले आणि तिथल्या सपाट जागेवर त्यांनी इंजिन चालू ठेवूनच पट्टी काढली. जेमतेम टोक ओलं होतं. मग इंजिन बंद करून थोड्या वेळाने पुन्हा काढली, तर ऑइल पार वरपर्यंत!

"या गाडीचं ऑइल चालू इंजिनवर मोजायचं असतं. बंद केली की वरचं सगळं खाली उतरतं आणि भरल्यासारखं दिसतं. गरम झालं की ते पातळ होतं, त्यात चढावर आहे तेवढं मागे जातं, पंपाला काही मिळत नाही." त्यांनी पट्टी नाकाशी नेली. तांबडं असायला हवं ते ऑइल तपकिरी झालं होतं, करपल्याचा वास येत होता. गाडीखाली शिरल्यावर दिसलं, ऑइल गार करणाऱ्या जाळीकडे जाणारा रबरी पाइप झिरपत होता.

पाइप, फिल्टर, ऑइल, सगळं नवं पडलं.

"आता सुटणार नाही ना?"

काका हात पुसत राहिले. "आतल्या प्लेटा थोड्या भाजल्यात. टिकतील असं वाटतं. पण तुम्ही तरी पेशंटला शंभर टक्के सांगता का?"

"नाही सांगत," ती म्हणाली. तिला त्यांचा रागही आला आणि बरंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच चढ चढली. इंजिनाचा आवाज जरा बदलला की तिचा पाय ब्रेककडे सरकत होता. गाडी मात्र कुठेही न अडखळता वर पोहोचली. हँडब्रेक ओढून ती तशीच बसून राहिली, शेवटी आजींची सून दारात येऊन म्हणाली, "अहो सिस्टर, आत या ना, आई वाट बघतायत."

याला आता तीन वर्षं झाली, गाडी अजून चालतेय. एकदाही सुटली नाही. त्या चढावर मागे एखादी बस आली की सिस्टर मात्र आजही गाडी कडेला घेते, बसला पुढे जाऊ देते, आणि मगच निघते.