ओढणीखालचा दुसरा रिमोट

हे मी आजवर कुणाजवळही बोललेली नाही. नवऱ्यालाही ठाऊक नाही, आणि तो माझ्या पोटातलं काढून घेण्यात चांगला तरबेज आहे. तुम्हाला सांगतेय कारण तुम्ही मला ओळखत नाही. सांगायला बसले की मी आधी इकडचं तिकडचं बोलते, तेवढं चालवून घ्या.

मी अमरावतीला असते. एका पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्सची प्रयोगशाळा सांभाळते. मुलं जाळून ठेवतात ते मी दुरुस्त करते, असं थोडक्यात काम. सोल्डरिंग करताना माझा हात जराही कापत नाही, याचा मला जरा गर्वच आहे. म्हणजे होता.

अकोल्याला माझा मोठा भाऊ आहे — दादा. त्याचं फुलांचं दुकान. पातूरकडच्या मळ्यांतून झेंडू, शेवंती, निशिगंध यायचा आणि दादा हार करायचा. गिऱ्हाइकाशी गप्पा मारत, सुईकडे न बघता. बोटं आपली आपण चालत राहायची. लग्नाच्या हारांसाठी लोक मूर्तिजापूरहून यायचे त्याच्याकडे.

दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये त्याला लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय महिन्याभरात बराच सावरला, बोलणं जरासं जड राहिलं, पण हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच. वहिनी दुकानात बसायला लागली. घरी एक फिजिओथेरपीवाली मुलगी यायची. रबरी चेंडू दाबायला लावायची, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायला सांगायची. सुरुवातीचे महिने फार मोलाचे आहेत काका, यात जेवढं मिळवाल तेवढं आपलं — असं ती प्रत्येक वेळी म्हणायची. हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय नाही.

दादा चेंडू फेकून द्यायचा. डाव्या हातानं. “मी का लहान पोट्टा आहो?” म्हणायचा आणि भिंतीकडे तोंड करून बसायचा. मी शनिवारी दुपारी बडनेऱ्याहून गाडी पकडून जायची, रविवारी संध्याकाळी परत. दोन दिवसांत त्याच्या तोंडून चार वाक्यं निघायची नाहीत. ज्या माणसानं मला सायकल शिकवली, बापाच्या माघारी माझी फी भरायला कॉलेजात आला, तो माझ्यासमोर भिंत बघत बसायचा — आणि मी काय करत होते? चहा करत होते.

मग मे महिन्याच्या शेवटी माळ्यावर मला आमचा जुना टीव्ही गेम सापडला. नव्वदीतला, कॅसेट खुपसायचा. आम्ही त्याच्या कंट्रोलरला रिमोटच म्हणायचो. दोन रिमोट होते, त्यातल्या एकाची वायर उंदरानं कुरतडली, मग एकावरच दोघं. अकोल्याचा उन्हाळा, कूलरचं पाणी अंगावर उडतंय, आणि आम्ही दोघं जमिनीवर. नियम एकच, खेळातला माणूस मेला की रिमोट दुसऱ्याला द्यायचा. मी तर मेले तरी देत नसे, सरळ पुन्हा सुरू करायची. दादा मात्र मी पाण्याला उठून गेलेली असले, काही बघितलेलं नसलं, तरी माझी वाट बघत बसायचा आणि रिमोट पुढे करायचा. “मेलो वं. धर.” त्याला खेळातसुद्धा खोटं जमायचं नाही.

तर तो रिमोट मी अमरावतीला आणला आणि उघडला. आत काय, तपकिरी पट्टी, काळे पडलेले ठिपके, रबर आणि तीस वर्षांची धूळ. वायर काढून टाकली. वायरच्या भोकात चार्जिंगची जागा केली, आत टपाल तिकिटाएवढं ब्लूटूथ सर्किट आणि चपटी बॅटरी बसवली. माझ्याकडे टीव्हीला जोडायचा नवा गेम कन्सोल होता, त्यावर हे जुने गेमही मिळतात. उडी मारायचं बटण नीट लागतंय की नाही हे तपासायला त्या एका बटणाला एक बारीक लाल दिवाही जोडला. दाबलं की लागायचा. तपासून झाल्यावर तो काढायचा राहून गेला. तो दिवा लक्षात ठेवा, त्याच्याकडे मला परत यायचं आहे.

जूनच्या पहिल्या शनिवारी कन्सोल आणि रिमोट घेऊन गेले. दादाच्या मांडीवर उशी, उशीवर रिमोट. डावा अंगठा बाणांवर त्यानं स्वतःच ठेवला. उजवा मी उचलून बटणावर ठेवला. टीव्हीवर तो छोटा माणूस दिसला आणि दादाचा चेहरा — काय सांगू? ओळख पटल्यासारखा झाला. डाव्या हातानं त्यानं माणूस पळवला, थेट पहिल्या खड्ड्यापर्यंत. तिथं उडी मारायची. उजवा अंगठा थरथरला. बटण खाली गेलं नाही. माणूस खड्ड्यात. पुन्हा. पुन्हा खड्ड्यात. मी बटणाखालचं रबर मऊ करून आणलं होतं, तरी नाही. पाचव्यांदा माणूस पडला तेव्हा दादाच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यानं मान भिंतीकडे वळवायला सुरुवात केली.

नव्या कन्सोलमध्ये एक सोय असते. दोन रिमोट मिळून एकच खेळाडू चालवता येतो. ज्यांचा एक हात अधू आहे अशांसाठीच ती केलेली आहे, उघडपणे वापरायला. मी म्हणू शकले असते की दादा, तू पळव, उडी मी मारते. एवढंच तर म्हणायचं होतं! लहानपणी एका रिमोटवर खेळलेले आम्ही, आता दोन रिमोटवर एक खेळलो असतो. का नाही म्हटलं? त्या क्षणी मला त्याची मान वळू द्यायची नव्हती, बस. ‘जरा सेटिंग बघते’ म्हणून मी कन्सोलपाशी गेले, ती सोय चालू केली आणि कन्सोलसोबत आलेला दुसरा रिमोट ओढणीखाली घेऊन त्याच्या उजव्या बाजूला, जरा मागे, पलंगावर बसले. त्याचा अंगठा थरथरला की मी दाबायचं.

माणूस उडाला. खड्डा पार.

दादा हसला. एप्रिलनंतर पहिल्यांदा. “पाह्य! पाह्य वं, उडाला! म्या उडवला!” वहिनी कणकेचे हात घेऊन बाहेर धावत आली. आणि मी ओढणीखाली दोन्ही हातांनी तो रिमोट गच्च धरून बसले होते.

एकदाच करायचं होतं, असं मी गाडीत स्वतःला सांगितलं. पण दर रविवारी सकाळी तो टीव्हीपुढे वाट बघत बसलेला असायचा, दाढी करून. मी नसताना त्यानं एकट्यानं खेळू नये म्हणून रिमोट परत नेत होते. जुनं सर्किट आहे दादा, माझ्याशिवाय लावलंस तर जळून जाईल, असं सांगितलं. इलेक्ट्रॉनिक्सवालीनं सांगितल्यावर कोण शंका घेणार? माझी विद्या मी अशी वापरली.

आणि त्यानं व्यायाम सोडला. चेंडू कोपऱ्यात, चिमटे परत वाळत घातलेल्या कपड्यांवर. जुलैमध्ये त्या फिजिओथेरपीवाल्या मुलीला सांगून टाकलं, “तुमी आता नका येत जाऊ. मले रिमोट चालवता येऊन राहिला, हात आला माहा.” तिनं म्हणे बोटं तपासली, मान हलवली, समजावलं. हा ऐकेना. त्या रविवारी वहिनीनं मला स्वयंपाकघरात गाठलं. साधी बाई, कधी मला उलटून विचारलं नाही तिनं. “ताई, तुमी शिकलेल्या आहा. खरं सांगा, ह्यायचा हात सुधरून राहिला न? ते पोरगी तं नाई म्हणते.”

मी म्हटलं, “हाव वहिनी.”

दादाशी मी खोटं खेळले, ते प्रेमापोटी होतं असं कधीकधी वाटून जातं. पण वहिनीला जे सांगितलं ते कशापोटी? पकडली जाईन या भीतीपोटी. दुसरं काही नाही.

दसरा आला. दादानं ठरवलं, या दसऱ्याला दुकानात आपण स्वतः हार करायला बसायचं. पंधरा दिवस आधीपासून त्यानं हारांच्या ऑर्डरी घेतल्या. जुनी गिऱ्हाइकं, ट्रकवाले, दालमिलवाले. सगळ्यांना फोन करून सांगितलं, हात आला. मला एकेक नाव सांगायचा. मी ऐकायची आणि म्हणायची, अरे वा. मी अमरावतीत होते, तो फोनवर होता, समोर नव्हता. तेव्हा तरी सांगता आलं असतं की नाही?

दसऱ्याच्या आदल्या दिवशी सकाळी मी दुकानातच होते, झेंडूची पोती सोडत. समोर माणसं उभी. दादानं नवा सदरा घातला होता. डाव्या हातानं फूल घेतलं आणि उजव्या हाताच्या चिमटीत लांब सुई धरायला गेला. सुई गळून पडली. उचलली. पडली. लोक आधी थट्टा करत होते, मग इकडेतिकडे बघायला लागले. त्यानं सुई दातांत धरून बघितली. वहिनीनं ती त्याच्या तोंडातून काढून घेतली, त्याला जरा बाजूला सरकवलं आणि हार ओवायला लागली. दिवसभर तिचा हात थांबला नाही, तरी निम्म्या ऑर्डरी राहिल्याच. लोक शेजारच्या दुकानात गेले.

दादा स्टुलावर बसून स्वतःच्या हाताकडे बघत होता. मग माझ्याकडे बघून हळू विचारलं, “परवाच्या इतवारी तं उडवला होता न म्या? तू होती न?”

पोत्यापाशी बसलेली मी. हात पिवळे झालेले. आता — आता तरी?

“हाव दादा,” मी म्हटलं.

पुढच्या खेपेला मी रिमोट घेऊन गेले. न नेण्याची हिंमत नव्हती. त्यानं डाव्या हातानं माणूस पळवला, खड्ड्याच्या काठापर्यंत आणला आणि थांबला. मी ओढणीखाली वाट बघत राहिले. अंगठा हलू दे, मी दाबते. अंगठा हलला नाही. त्यानं मुद्दाम बाण दाबून माणूस खड्ड्यात घातला आणि रिमोट डाव्या हातानं माझ्यापुढे केला. “मेलो वं. धर.”

मी धरला. त्यासाठी आधी दुसरा रिमोट ओढणीखाली सोडावा लागला, तो मांडीवरून गादीवर पडला. आवाज झाला. त्यानं विचारलं नाही.

इथं थांबता आलं असतं. पण मग हा कबुलीजबाब पुन्हा अर्धाच होईल, आणि अर्धं खोटं बोलण्यात मी पटाईत आहे. तो लाल दिवा राहिला आहे.

ऑगस्टमधला रविवार होता. पोळा दोन-चार दिवसांवर आलेला. मी नेहमीसारखी त्याच्या उजव्या बाजूला, मागे. त्या जुन्या रिमोटचं कवच उजव्या कडेला किंचित फाकलेलं होतं, तिथून आतलं मला दिसायचं. त्याला वरून दिसत नसे. खड्डा आला, त्याचा अंगठा थरथरला, मी दाबलं. आणि त्या फटीत दिवा लागला, जो माझ्या रिमोटनं लागत नाही, फक्त त्याचं बटण खाली गेलं तरच लागतो. लाल. मला वाटलं भास. पुढच्या खड्ड्याला मी मुद्दाम दाबलं नाही. दिवा लागला, माणूस उडाला. एकट्या दादाच्या अंगठ्यानं. त्या दिवशी मी मोजलं — चार वेळा. बाकी वेळा नाही, पण चार वेळा हात खरंच आला होता.

ओरडायला हवं होतं ना? दादा, आत्ता, आत्ता तू दाबलंस! त्या मुलीला फोन लावायला हवा होता, चेंडू कोपऱ्यातून आणायला हवा होता. पण आत्ता दाबलंस म्हटलं तर आधी कुणी दाबलं, हे सांगावं लागलं असतं. म्हणून मी गप्प बसले आणि पुढच्या खड्ड्याला पुन्हा मीच दाबलं. अमरावतीला गेल्यावर रिमोट उघडला आणि तो दिवा कापून टाकला. माझा हात कापला नाही. त्यानंतर त्याचा अंगठा किती वेळा खाली गेला, किती आठवडे जात होता, कधी जायचा बंद झाला, हे आता कुणालाच कळणार नाही.

यंदाच्या मार्चमध्ये डॉक्टर म्हणाले, हात आता जसा आहे तसाच राहील. दादा दुकानात बसतो, डाव्या हातानं हारांवर पाणी शिंपडतो, पुड्या पुढे करतो. वहिनी ओवते. नवीन कुणी गिऱ्हाईक हाताकडे बघायला लागलं की तो आपणहून सांगतो, “मधात आला होता माहा हात. मंग गेला.” लोक समजुतीनं मान हलवतात, बिचारा मनाचं समाधान करून घेतो असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. मी तिथं असले तर तो माझ्याकडे बघतो, साक्षीला. मी हाव म्हणते. एवढं एकच उत्तर मी त्याला खरं देते. हात आला होता. तो येताना मी पाहिला होता.