माझ्या पोरीचं नाव आशा

"आशा, इकडं ये गो," मी हाक मारली, आणि दोन पोरी वळल्या.

एक माझी, भाताच्या भाऱ्याजवळ उभी. दुसरी शेठाणीची नात, कल्याणहून आलेली, ओटीवर बसलेली. मुरबाडच्या या शेठच्या खळ्यावर आमी दरसाल भात झोडायला जायचो.

शेठाणीनं वरून विचारलं, "कुणाला हाक मारलीस?"

"माझ्या पोरीला."

"आशा? तुमच्यात कधीपासून आशा ठेवायला लागले?" ती हसली. शेठ हसला. झोडणारे आमचेच लोक, तेपण हसले. "इथं एकच आशा. हिला धोंडी म्हणा," शेठाणी म्हणाली.

झालं. दिवसभर पोर धोंडी.

आमच्यात नावं तसलीच. धोंडी, कचरी, भिकी. पोरं जगायची नाय, मग दगडाधोंड्याचं नाव ठेवायचं, मरणाची नजर पडू नये म्हणून. माझंपण तसलंच. ते मी सांगणार नाय. शेठलोकांची नावं बदलली, शिकलेल्या घरांत आशा आल्या, उषा आल्या. आमची तिथंच राहिली.

माझी दोन पोरं गेली. तिसरी जगली. सासू म्हणाली, धोंडी ठेव. मी म्हटलं, नाय. माझ्या मनात होतं तेच ठेवलं. आमी त्याला आस म्हणतो. शाळेतली पोरं धड्यात त्यालाच आशा वाचायची, ते मी भिंतीबाहेरून ऐकलं आणि उचललं.

त्या दिवशी सांजच्याला शेठच्या अंगणात कीर्तन होतं. आमी कुडाच्या बाहेर बसलो. बुवा सांगत होते, आशा वाईट, आशा सोडा. ज्यांच्या भाताच्या कणग्या भरलेल्या, ते माना डोलवत होते. माझं डोकं तापलं. आमच्याकडं सोडायला दुसरं होतं काय?

घरी जाताना पोरीला हाक मारली, "आशा." वळली नाय. परत मारली.

"मी धोंडी ना, आये?" ती म्हणाली.

रात्रभर माझा डोळा लागला नाय.

सकाळी खळ्यावर शेठाणी ओरडली, "ए धोंडे, पेंढा उचल." पोर वाकली. मी तिचा दंड धरून उभी केली.

"तिचं नाव आशा हाय."

"जास्त बोलू नकोस. काम हवंय ना?"

"हवंय. पण नाव घेऊन सांगा."

"मग चालती हो."

झाले चालती. मजुरीचं भात तिथंच राहिलं. नवरा तिथंच झोडत होता, तोपण मागून आला. शिव्या देत आला, पण आला.

आता आमी आटगावला गवताच्या वखारीत हाय. गवतानं हात फाटतात. इथला मुकादमपण पोरीला "ए काळे" म्हणतो. ती हातातलं काम थांबवते आणि नाव सांगते. मीच शिकवलंय. ज्याला तिच्याकडून काम हवं, त्यानं तिचं नाव घ्यावं. नाय घेतलं तर आमी मायलेकी भारा खाली ठेवू. पोटात काय नसलं तरी ठेवू.