वाघोलीच्या ओढ्यातले सात मासे

दांडवण म्हणजे बोटभर मासा. अंगावर डोळ्यापासून शेपटीपर्यंत एक काळी रेघ. वाघोलीच्या पुढच्या एका ओढ्यात तो मोजायचं काम माझ्याकडे होतं. मी कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात प्रयोगशाळा सहायक. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी सदाशिव पेठेतून स्कूटरवर निघायचं, ठरलेल्या जागी दहा वेळा जाळं टाकायचं, मासे मोजून लिहायचे आणि पुन्हा पाण्यात सोडायचे. शेजारी विचारत, "खायचे नाहीत, तर पकडता कशाला?" प्रश्न रास्त होता. उत्तर द्यायची मला हौस नव्हती.

तो ओढा पाइपात घालून वरून रस्ता काढायचा बेत होता. मासा आहे तोवर ओढा जिवंत आहे, असं आमच्या सरांचं म्हणणं. आणि आधार काय, तर माझी वही. पण वरच्या अंगाला नव्या इमारती झाल्या, पाण्याला फेस येऊ लागला, आणि लागोपाठ तीन महिने जाळं रिकामं निघालं. सरांनी वही माझ्या हातून जरा जोरात घेतली.

चौथ्या महिन्यात सात दांडवण सापडले. पाचव्यात सहा. सर इतके खूश झाले की त्यांनी स्वतः चहा मागवला. रस्त्याविरुद्धचं पत्र लिहायला घेतलं.

सहाव्या महिन्यात पुन्हा सात. सगळे सारख्या मापाचे, रंगाने फिके, आणि फेसाळ पाण्यात भलतेच तरतरीत. काठावर ज्यांचं शेत होतं त्या बाई नेहमीसारख्या चहा घेऊन आल्या. मी सहज विचारलं, "हे मासे आले कुठून?"

"आमच्या हिरीतले हायेत," त्या म्हणाल्या. "तुम्ही एवढ्या लांबून येताय आन् रिकाम्या हातानं जाताय. आमच्या बांधावरनं कुणी तसं गेलेलं बरं दिसत न्हाई."

पाहुणचारच तो. रागावणार कुणावर? मी मागच्या दोन्ही नोंदींवर काट मारली. आता सरांचं पत्र जाणार नव्हतं आणि ओढा पाइपात जाणार होता, हे मला तिथेच कळलं. वाईट वाटलं, पण नोंद ती नोंद.

"यापुढे सोडू नका," मी म्हणालो.

"न्हाई सोडत. तसंबी सांजंपर्यंत मरूनच जात्यात. म्हणून तर सोमवारी सकाळी सोडायची, तुम्ही यायच्या जरा आधी."

त्या हे अगदी साधेपणाने म्हणाल्या. दोन महिने मी ते मासे काळजीपूर्वक मोजून, परांना धक्का न लावता, पुन्हा त्याच पाण्यात सोडले होते. मला लाज वाटली. आजचे सात अजून माझ्या बादलीत होते; ते विहिरीत परत न्यायला मी त्यांच्याकडे घागर मागितली.